करार आणि कथन : संयुक्त महाराष्ट्राची संहिता व झाडीचा प्रदेश

एखादे राज्य 'एक झाले' असे आपण म्हणतो तेव्हा दोन भिन्न क्रिया एकाच क्रियापदात दडलेल्या असतात. वेगवेगळे पक्ष अटी ठरवून एकत्र आले, हा एक अर्थ. मुळात एकच असलेले आणि मधल्या काळात परक्या सत्तांनी दुभंगलेले काही पुन्हा सांधले गेले, हा दुसरा. पहिल्या अर्थाला करारपत्र लागते, दुसऱ्याला कथा. १ मे १९६० रोजी अस्तित्वात आलेल्या महाराष्ट्र राज्याच्या बाबतीत ह्या दोन्ही गोष्टी उपलब्ध आहेत. करार दोन आहेत : ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार आणि २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. कथा मात्र एकच आहे, आणि ती प्रामुख्याने साहित्यिकांनी, साहित्यसंमेलनांच्या व्यासपीठांवरून व वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून रचलेली आहे. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी करारांची कलमे तपासली, साहित्याच्या अभ्यासकांनी कथेची उजळणी केली. ह्या दोन संहिता शेजारी ठेवून वाचण्याचे काम मात्र आपल्याकडे फारसे झालेले नाही. प्रस्तुत निबंधात तसे वाचन करावयाचे आहे आणि ते पूर्वेकडून, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीच्या प्रदेशातून करावयाचे आहे. ह्या प्रदेशाचे नाव दोन्ही संहितांत गृहीत धरलेले आहे. आवाज मात्र दोन्हींत नाही.

अशा वाचनाला एक जुने उदाहरण उपयोगी पडते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेतील आरंभीचे 'आम्ही लोक' हे शब्द आज स्वयंभू वाटतात. परंतु ६ ऑगस्ट १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या परिषदेपुढे आलेल्या मसुद्यात 'आम्ही लोक' ह्या शब्दांपुढे न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स अशी तेरा राज्यांची नावे एकामागून एक लिहिलेली होती. सप्टेंबरमध्ये भाषा व मांडणी नीट करण्यासाठी नेमलेल्या समितीने ती नावे गाळली आणि 'संयुक्त संस्थानांचे आम्ही लोक' असा प्रयोग केला. ह्यामागचे कारण फारसे तात्त्विक नव्हते. नऊ राज्यांच्या संमतीने घटना अमलात यावयाची होती, आणि ती नऊ कोणती हे कोणालाच सांगता येत नव्हते. तेव्हा नावे लिहावीत तरी कोणती? एका व्यावहारिक अडचणीतून झालेल्या ह्या संपादनामुळे तेरा पक्षांचा करार एका लोकसमूहाचे उद्गार बनला. पुढची सत्तर वर्षे ह्या वाक्याच्या अर्थनिर्णयनाचा वाद चालू राहिला. १७९८ मध्ये जेफर्सन आणि मॅडिसन ह्यांनी केंटकी व व्हर्जिनिया ह्या राज्यांच्या ठरावांतून घटना हा राज्याराज्यांमधील करार असल्याचे मांडले. १८१९ मध्ये न्यायमूर्ती मार्शल ह्यांनी ती लोकांची कृती असल्याचा निर्वाळा दिला. लक्षणीय गोष्ट अशी की कराराची भाषा कोणत्याही एका प्रदेशाची मिरास नव्हती. १७९८ ला ती दक्षिणेने वापरली, १८१४-१५ च्या हार्टफर्ड परिषदेत तीच न्यू इंग्लंडच्या तोंडी आली, आणि १८३२ मध्ये साउथ कॅरोलिनाने तिचा आधार घेऊन केंद्राचा जकात कायदा आपल्यापुरता रद्द ठरवला. ज्या प्रदेशाला आपण मागे पडत आहोत असे वाटे तो करारपत्र बाहेर काढी. ज्याच्या हाती सत्ता असे तो 'आम्ही लोक' म्हणे.

ह्याच काळात नोआ वेब्स्टर शब्दलेखनाचे पुस्तक, व्याकरण आणि अखेर १८२८ चा कोश रचीत होता. राजकीय ऐक्य टिकवावयाचे तर प्रांतोप्रांतीच्या उच्चारांचे भेद पुसले पाहिजेत, ही त्याची उघड भूमिका होती. आपल्याकडे मोल्सवर्थचा कोश १८३१ चा आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. त्यांमागे असा कोणताही राष्ट्रीय हेतू नव्हता. राज्यकर्त्यांच्या आणि शाळांच्या गरजेतून ती कामे झाली. तथापि प्रमाण मराठीचे जे एक रूप त्यांतून सिद्ध झाले, त्याच्याच आधारावर शतकभराने 'मराठी बोलणारांचा सलग प्रदेश' अशी संकल्पना उभी राहू शकली. भाषिक राज्याची कल्पना यावयाची तर आधी भाषा एक आहे हे ठरावे लागते. ते आपल्याकडे कोशात आणि व्याकरणात ठरले होते. राजकारणाला ते आयते मिळाले.

संयुक्त महाराष्ट्राच्या कथेची रचना आता पाहू. १९३९ च्या अहमदनगरच्या साहित्यसंमेलनात मराठी भाषिकांच्या एका प्रांताची मागणी झाली. १२ मे १९४६ रोजी बेळगावच्या संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला. त्याच वर्षी २८ जुलैला मुंबईत शंकरराव देव ह्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि संयुक्त महाराष्ट्र परिषद ही संस्था स्थापन झाली. राजकीय पक्षांच्या आधी साहित्यसंमेलनाने हा प्रश्न हाती घ्यावा, ह्याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो योग्यच आहे. परंतु साहित्यसंमेलनाने प्रश्न हाती घेतल्यामुळे त्याला जो आकार मिळाला त्याकडे समीक्षकाने दुर्लक्ष करू नये. ज्ञानेश्वर-तुकारामांचा वारसा, शिवकालाची स्मृती, इंग्रजांनी, निजामाने आणि प्रांतरचनेने केलेले तुकडे, आणि त्या तुकड्यांचे पुनर्मीलन, अशी ही कथा आहे. ती वियोग आणि भेट ह्या आदिबंधावर उभी आहे. भेटीच्या कथेत अटी नसतात. भरतभेटीच्या वेळी राम-भरतांनी खर्चाची वाटणी लिहून घेतली, असे कोणताही कवी सांगणार नाही.

गंमत अशी की ह्या कथेचा प्रमुख निवेदक नागपूरचा होता. माडखोलकर नागपूरला 'तरुण भारत'चे संपादक होते. त्यांचा जन्म मात्र मुंबईचा. वेगळ्या विदर्भाचे सर्वांत आदरणीय नेते बापूजी अणे हे वणीचे. आणि लोकमान्य टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. राजकारणात पुण्या-मुंबईपासून वेगळे राहण्याचा आग्रह धरणाऱ्या, १९६२ मध्ये वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर नागपुरातून लोकसभेवर निवडून येणाऱ्या ह्या नेत्याने उतारवयात टिळकांचे चरित्र संस्कृत काव्यात लिहिले. 'तिलकयशोऽर्णव' ह्या त्या ग्रंथाला १९७३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे प्रादेशिक निष्ठा आणि सांस्कृतिक निष्ठा ह्यांच्या रेषा आपण समजतो तशा एकमेकींवर पडत नाहीत. अण्यांनी ते काव्य मराठीत लिहिले नाही, ह्यावर तर स्वतंत्र निबंध व्हावा.

कथेच्या आत प्रादेशिक ताण नव्हते असेही नाही. मुकुंदराजांचे स्थान वैनगंगेच्या काठचे अंभोरा की मराठवाड्यातील अंबेजोगाई, हा वाद वरवर पाहता पाठचिकित्सेचा आणि समाधिस्थळाचा आहे. परंतु तो ज्या आवेशाने चालला तो आवेश मराठीचा आद्य कवी कोणत्या विभागाच्या वाट्याला जावा, ह्याचा आहे. महानुभावांच्या बाबतीतही असेच. त्यांच्या आचारविषयक भाष्यात मराठी भाषा जेथवर चालते तेथवरचा प्रदेश निरनिराळ्या मंडळांत विभागून सांगितला आहे आणि वऱ्हाड हे त्यांतील एक मंडळ गणलेले आहे. संयुक्त महाराष्ट्रवाद्यांनी ह्या उल्लेखात ऐक्याचा पुरावा पाहिला. त्यात एकाहून अधिक मंडळे आहेत, ही गोष्ट विदर्भवाद्यांनाही उपयोगी पडण्याजोगी होती. एकाच वाक्यातून दोन्ही पक्षांना आपापला अर्थ काढता यावा, हे महत्त्वाचे.

आता करारांकडे वळू. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने वेगळ्या महाविदर्भाचा ठराव एकमताने संमत केला होता. तो मांडणारे बॅरिस्टर रामराव देशमुख पुढे अकोला करारातही होते आणि नागपूर करारावरही त्यांची सही आहे. ह्या एका व्यक्तीच्या वाटचालीत वैदर्भीय भूमिकेचा सगळा उतार दिसतो. अकोला करारात संयुक्त महाराष्ट्राच्या एका प्रांतात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, प्रत्येकाचे स्वतंत्र विधिमंडळ आणि स्वतंत्र मंत्रिमंडळ, अशी रचना होती. ती न साधल्यास वेगळा महाविदर्भ, असा पर्यायही नोंदलेला होता. म्हणजे येथे करार करणारे दोन पक्ष करारानंतरही पक्ष म्हणूनच शिल्लक राहतात. सहा वर्षांनंतरच्या नागपूर करारात हे बदलले. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, देवीसिंह चौहान आदींच्या सह्या असलेल्या ह्या अकरा कलमी करारात राज्य एकच आहे, राजधानी मुंबई आहे, विधिमंडळ एक आहे. महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित राज्य असे तीन विभाग मानले आहेत ते निधी, नोकऱ्या, उच्च शिक्षणातील प्रवेश आणि मंत्रिमंडळातील स्थान ह्यांच्या वाटणीपुरते. उच्च न्यायालयाचे दुय्यम ठाणे नागपूरला राहील, शासन वर्षातून काही काळ नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरेल. अकोल्यात विभाग हा राज्यकर्ता होता. नागपुरात तो हिस्सेदार झाला.

नागपूर करारातील भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. राजधानी असल्यामुळे नागपूरला जे लाभ मिळत आले ते सगळेच मोठ्या राज्यात टिकणार नाहीत, ह्याची कबुली तेथे दिलेली आहे, आणि राज्यकारभाराच्या सोयीला बाध न येता जितके टिकवता येतील तितके टिकवू, असे आश्वासन आहे. देणारा आणि घेणारा अशी विभागणी येथे वाक्यरचनेतच झाली आहे. सह्या करणारे सगळे समान आहेत. वाक्यातला 'आम्ही' मात्र आधीच मुंबईत बसलेला आहे.

डॉ. आंबेडकरांची भूमिका ह्या संदर्भात नीट पाहिली पाहिजे, कारण दोन्ही पक्ष आपल्या सोयीपुरते त्यांना उद्धृत करीत आले. १९४८ मध्ये दार आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी महाराष्ट्राच्या एका प्रांताचा पुरस्कार केला आणि उपप्रांतांची कल्पना नाकारली. १९५५ मध्ये, राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालानंतर लिहिलेल्या भाषावार राज्यांवरील पुस्तिकेत मात्र मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व अशी मराठी भाषिकांची चार राज्ये त्यांनी सुचवली. एका राज्याची भाषा एक असावी, परंतु एका भाषेचे राज्य एकच असले पाहिजे असे नाही, हा त्यांचा भेद सर्वश्रुत आहे. ह्या बदलाला विसंगती म्हणणे उथळ होईल. १९५५ ची पुस्तिका अल्पसंख्यांच्या बाजूने विचार करते : मोठ्या राज्यात मोठ्या जातीची सत्ता मोठी होते. राज्य लहान करण्यामागचा हा युक्तिवाद प्रदेशाच्या अस्मितेचा नाही, आणि म्हणूनच तो विदर्भवाद्यांना पूर्णपणे पचलेला नाही.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर ह्यांच्या आयोगाने १९५५ मध्ये बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा ह्या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले. ते झाले नाही. पश्चिम महाराष्ट्रात आंदोलन पेटले, शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली, १ नोव्हेंबर १९५६ ला विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य आले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची वाताहत झाली आणि चव्हाणांचे मंत्रिमंडळ तरले ते मुख्यतः गुजरात, मराठवाडा आणि विदर्भ ह्यांच्या बळावर. 'अवघा महाराष्ट्र पेटून उठला' हे कथनातील वाक्य ह्या मतमोजणीशी जुळत नाही. विदर्भातील मतदार संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधी होता असा त्याचा अर्थ नाही. पण तो त्या कथेतले पात्र म्हणून मतदानाला गेला नव्हता एवढे खरे.

राज्य झाल्यावर करारातील आश्वासनांचे काय झाले, हा विषय पुष्कळ चर्चिला गेला आहे, तेव्हा येथे थोडक्यात सांगतो. दांडेकर समितीने १९८४ मध्ये सुमारे ३१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला; त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १२४६ कोटींचा होता. घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये १९५६ पासून असलेली विकास मंडळांची तरतूद १९९४ मध्ये अमलात आली, आणि त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. 'अनुशेष' ह्या शब्दाकडे मात्र लक्ष वेधले पाहिजे. जमाखर्चातला हा शब्द आता विदर्भाच्या दुःखाचा एकमेव पारिभाषिक शब्द बनला आहे. कथनात स्थान न मिळालेला प्रदेश हिशेबाच्या वहीत बोलू लागतो. शेतीचा, सिंचनाचा, रस्त्यांचा अनुशेष मोजता येतो; ज्या प्रदेशाला बोलूच दिलेले नाही त्याचा अनुशेष कोणत्या रकान्यात मांडावा?

एका ठिकाणी मात्र कराराचा मूळ नमुना टिकून राहिला, आणि ते ठिकाण साहित्याचे आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेले अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ हे पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ आणि औरंगाबादची मराठवाडा साहित्य परिषद अशा चार संस्थांचे मिळून झाले. १९२३ मध्ये स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ त्यात विलीन झाला नाही. घटक म्हणून राहिला. महामंडळाचे कार्यालय दर तीन वर्षांनी एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जाते. राजकीय महाराष्ट्राने जी फिरती सत्ता वर्षातल्या एका अधिवेशनापुरती मर्यादित केली, ती साहित्यिक महाराष्ट्राने नियम म्हणून स्वीकारली. अकोल्याचा करार जिवंत पाहावयाचा असेल तर तो महामंडळाच्या घटनेत पाहावा. भेटीची कथा सांगणाऱ्या साहित्यिकांनी स्वतःच्या घरात मात्र अटी लिहून घेतल्या होत्या! परंतु ह्याच महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि ते चारही विभागांना सारखेच लागू झाले. संस्था संघराज्याची, लेखन एकात्म.

इथवर आपण विदर्भ हा एक पक्ष मानून चाललो. आता त्या पक्षाच्या आत पाहावयाचे. प्राचीन 'विदर्भ' हे नाव कालिदासापासून परिचित आहे. वऱ्हाड हा त्याचा ऐतिहासिक गाभा. नागपूर विभाग त्याला जोडल्यावर 'महा' हे पद लावावे लागले. म्हणजे महाविदर्भ हीदेखील एक जोडरचनाच आहे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते तरी १९०३ पर्यंत त्याचा कारभार मध्यप्रांताशी जोडलेला नव्हता. चांदा गोंड राजांचे. अठराव्या शतकाच्या मध्यावर ते भोसल्यांच्या अमलाखाली गेले आणि नागपूरबरोबर खालसा झाले. सिरोंचा हा गोदावरीकाठचा तेलुगू वळणाचा मुलूख १८७४ मध्ये चांद्याला जोडला गेला, आणि १९०७ मध्ये त्यातील नुगूर, अल्बाक, चेर्ला हे भाग मद्रास इलाख्यात गेले. ह्याच सुमारास ईशान्येकडील काही जमीनदाऱ्या नव्या दुर्ग जिल्ह्याकडे वळवण्यात आल्या, पानाबारस त्यांतलीच. राजुरा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ ला ते नांदेडकडे आणि १९५९ ला चांद्याकडे आले. १९६४ मध्ये चांद्याचे नाव चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. ज्या जिल्ह्याच्या कडा अशा वारंवार उसवल्या आणि शिवल्या गेल्या त्याला 'मराठीचा सलग प्रदेश' म्हणताना जीभ थोडी अडखळावयास हवी.

मूलहून पूर्वेला निघाले की सावली लागते, मग वैनगंगा, आणि पलीकडे गडचिरोली. मुंबईपेक्षा येथून हैदराबाद आणि रायपूर जवळ आहे. गडचिरोली जिल्ह्यात मराठीबरोबरच गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, हिंदी आणि बंगाली बोलल्या जातात. नागपूर करारात सीमा ठरविण्यासाठी गाव हा घटक मानावा, असे तत्त्व होते. गावात बहुसंख्य ज्या भाषेचे, त्या राज्याचे ते गाव. बेळगावच्या सीमेवर हे तत्त्व न्याय्य आहे, कारण तेथे दोन लिखित, राजमान्य भाषा समोरासमोर आहेत. झाडीत त्याचा अर्थ वेगळा होतो. येथे गोंडी कोणत्याच राज्याची भाषा नसल्यामुळे प्रश्न 'मराठी की तेलुगू' एवढाच उरतो, आणि गोंडी बोलणारे गाव ह्या दोहोंपैकी कोणाच्या तरी बहुसंख्येत जमा होते. जिवती तालुक्यातील चौदा गावांवर महाराष्ट्राने आणि आधी आंध्र, नंतर तेलंगणा ह्या राज्यांनी हक्क सांगितला. तेथील लोक दोन्हीकडच्या निवडणुकांत मतदान करीत आले. त्यांना दोन्हीकडच्या शिधापत्रिका मिळाल्या. कथनाच्या दृष्टीने ही विसंगती आहे. त्या गावांच्या दृष्टीने ती, मला वाटते, शहाणपणाची तडजोड होती.

अमेरिकेच्या उदाहरणाचा दुसरा अर्धा भाग येथे आठवतो. करार राज्यांचा की लोकांचा, हा वाद उत्तर आणि दक्षिण ह्यांच्यात रंगला असताना ज्यांच्या जमिनीवर ही राज्ये पसरत होती ते मूळ रहिवासी त्यांपैकी कोणत्याच 'आम्ही'त नव्हते. १८३१ मध्ये चेरोकी राष्ट्राच्या दाव्यात न्यायालयाने त्यांना परकीय राष्ट्रही मानले नाही आणि संघराज्याचे घटकही मानले नाही; अंतर्गत, परावलंबी राष्ट्र असा तिसराच वर्ग त्यांच्यासाठी निर्माण केला. हे साम्य ताणता येणार नाही; भारताच्या घटनेने आदिवासींना मताचा अधिकार पहिल्यापासून दिला, पाचवी अनुसूची दिली. परंतु दोन पक्षांच्या करारात तिसरा कसा अदृश्य होतो, ही रीत सारखी आहे. विदर्भ वेगळा होऊ शकतो तो आर्थिकदृष्ट्या सक्षम असल्यामुळे, असे म्हणताना चांद्याचे साग, बांबू आणि कोळसा जमेच्या बाजूला धरले गेले. जंगल हिशेबात आले. जंगलात राहणाऱ्याची भाषा करारात आली नाही. विदर्भाने पश्चिम महाराष्ट्राबद्दल जी तक्रार केली, तीच तक्रार झाडीला विदर्भाबद्दल करता येईल, आणि ती करण्यासाठी विदर्भाचीच शब्दकळा पुरेशी आहे.

तशी ती केली गेलीही. पानाबारसचे लाल श्यामशाह १९६२ मध्ये चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत नागपूरने अण्यांना निवडून दिले होते. एकाच विदर्भातून एक प्रतिनिधी वेगळ्या विदर्भाची मागणी घेऊन आणि दुसरा आदिवासींच्या प्रश्नावर, गोंडवानाची आकांक्षा बाळगून दिल्लीला गेला. अण्यांचे नाव आपल्या इतिहासग्रंथांत आहे. श्यामशाहांचे चरित्र हिंदीत लिहिले गेले, मराठीत त्यांची जागा तळटिपेपुरती राहिली. मूलच्या शेजारच्या सावली मतदारसंघाचे मा. सां. कन्नमवार ह्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असताना निवर्तले. कराराने ठरलेला सत्तेतील वाटा ह्याहून मोठा असू शकत नव्हता. तरीही 'झाडीचा मुख्यमंत्री' असा उल्लेख तेव्हा रूढ झाला नाही. ते 'विदर्भाचे' राहिले. प्रतिनिधित्वाचे हिशेब विभागाच्या नावाने होत असले की विभागाच्या आतला भेद नोंदला जात नाही, तो असा.

भाषेच्या पातळीवर ही अधीनता कशी मुरते ते झाडीपट्टीच्या रंगभूमीवर पाहता येते. वडसा-देसाईगंज हे ह्या रंगभूमीचे केंद्र. दिवाळीनंतर, धान निघाल्यावर, गावोगाव शंकरपटाच्या किंवा मंडईच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात आणि हजारो प्रेक्षक ती पाहतात. दंडार, खडी गंमत ह्या जुन्या प्रकारांशी तिचे नाते आहे. ह्या नाटकांत नायक-नायिका सामान्यतः प्रमाण मराठी बोलतात आणि झाडीबोली येते ती बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी. ज्या बोलीत 'ण' नाही, जिच्यात 'डोळा'चा 'डोरा' होतो, ती बोलणारा हजारोंचा समुदाय त्याच बोलीला हसतो. हे हसणे केवळ आत्मतुच्छतेचे आहे असे मला वाटत नाही. विनोदी नट मंचावर आला की प्रेक्षक सैल होऊन बसतो. आपला माणूस आला, हे त्याला कळते. नायकाचे दुःख प्रमाणभाषेतून, म्हणजे दुरून येते. टोमणा घरातून येतो. २०२३ मध्ये परशुराम खुणे ह्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ह्या रंगभूमीची दखल दिल्लीने घेतली. विनोदी भूमिकांवर आयुष्य काढलेल्या ह्या नटाच्या भाषेची दखल मराठी नाट्यसमीक्षेने अजून घ्यावयाची आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास करून आणि तिची स्वतंत्र संमेलने भरवून एक वेगळी वाट दाखवली. त्या वाटेवरही गोंडी आणि माडिया पुन्हा बाहेर राहतात, हा धोका आहे. झाडीबोली ही अखेर मराठीचीच बोली आहे आणि 'झाडी' ह्या नावात तिच्यापेक्षा जुन्या भाषा आहेत. अखिल भारतीय साहित्यसंमेलन चंद्रपूरला दोनदा भरले, १९७९ मध्ये वामन चोरघडे ह्यांच्या आणि २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके ह्यांच्या अध्यक्षतेखाली. दोन्ही अध्यक्ष विदर्भाचे, दोन्ही मराठीचे श्रेष्ठ लेखक. परंतु विदर्भाला संमेलन मिळाले म्हणजे झाडीला ते मिळाले, असे समीकरण मांडता येत नाही.

गाव हा घटक मानण्याच्या तत्त्वाचा मघा उल्लेख केला. त्याच शब्दांचा एक अगदी वेगळा उपयोग गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने केला. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा. तिच्यात 'आम्ही' दोनदा येते आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा आहे : पहिल्या वेळी ते व्यापक संघाचे सदस्य आहेत, दुसऱ्या वेळी कराराचे स्वतंत्र पक्ष. मराठीत झालेल्या ह्या वाक्याला गोंडी प्रतिरूपही आहे, आणि ग्रामसभेतील निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यावयाचे, हा तेथला नियम आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये ह्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. १९५३ च्या करारात गाव मोजले जाणार होते. मेंढ्यात त्याने स्वतःच पासावर शिक्का मारला.